दारफाळणीची दाढदुखी

"मासिकात लिहायला तुला दातांशिवाय दुसरा विषय मिळाला नाही का?" मी कागद-पेन घेऊन बसले तेव्हा आमच्या यजमानांनी विचारले. प्रश्न रास्त होता. आपल्या अंकांत मंडळी कोकणातल्या गावांवर लिहितात, जुन्या सिनेगॉगच्या आठवणी लिहितात, आजीच्या हातच्या चिकाच्या हलव्यावर लिहितात. मला तसे लिहिता येत नाही. मी जवळजवळ चाळीस वर्षे परिचारिकेचे काम केले, तेव्हा मला जे थोडेफार कळते ते दुखण्याखुपण्यातले. शिवाय आज जे सांगणार आहे ते माझ्या रोग्यांबद्दलचे नाही, माझे स्वतःचे आहे, आणि त्यात माझी फारशी शोभा नाही. तरीही लिहिते, कारण २०२२ सालच्या दारफाळणीच्या सणाला एका दाढेपायी मी मरता मरता वाचले. ती दाढ कोणती, तर जिचे रूट कॅनॉल झालेले होते आणि जिला 'मेलेली दाढ' समजून मी दोन वर्षे निश्चिंत होते ती.

पण आधी थोडे मागचे सांगते. माझे बालपण भायखळ्याच्या चाळीत गेले. शाळा माझगावची, आपली सर एली कदूरी, हाईम शमुवेल केहिमकरांनी १८७५ साली सुरू केलेल्या इस्राएली शाळेचेच पुढचे रूप. आज पन्नास वर्षे परदेशात राहूनही मी मराठीत चार ओळी लिहू शकते, ते त्या शाळेतल्या बाईंचे देणे. घरात आजी होती, रेवदंड्याची. आम्ही पडलो शनवार तेली, तेव्हा आजीचा कोणत्याही दुखण्यावर पहिला उपाय तेलाचा. दाढ दुखली की ती लवंग ठेचून खोबरेल तेलात कालवायची, कापसाचा बोळा त्यात भिजवून दाढेखाली धरायला लावायची आणि म्हणायची, "आता तोंड मीट आणि बोलू नको." आम्हा मुलांना माकडछाप काळे दंतमंजन, आजीला स्वतःला मिसरी. मिसरीने तिचे दात काळे पडले होते, पण ती म्हणे, "काळे असले तरी जाग्यावर आहेत ना!"

आईचे तसे नव्हते. प्रत्येक बाळंतपणानंतर तिचे दात हलू लागत, आणि त्या काळी हलला किंवा दुखला की काढायचा, एवढाच इलाज आमच्या ऐपतीत बसत होता. १९६८ साली तिचा शेवटचा दात गेला तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. संध्याकाळी घरी येऊन तोंडाला पदर लावून तिने भात टाकला. दुखते का, असे कोणी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. मी दहा वर्षांची होते. सोसणे हा बाईचा गुण आहे, हे मी त्या दिवशी शिकले. कोणी शिकवले नाही, मी पाहून शिकले.

वडील आधीच इंग्लंडात येऊन रेल्वेत लागले होते. मी एस.एस.सी. झाल्यावर, १९७६ साली, आई, मी आणि धाकटा भाऊ क्रॉयडनला आलो, आणि थोड्याच दिवसांत मी नर्सिंगच्या शिक्षणाला लागले. वॉर्डातले माझे पहिले काम सांगितले तर हसाल. रोज रात्री म्हाताऱ्या रोग्यांच्या कवळ्या गोळा करायच्या, घासायच्या, प्रत्येक डबीवर नाव लिहायचे आणि सकाळी ज्याची त्याला परत द्यायची. एका रात्री दोन आजीबाईंच्या डब्यांची झाकणे बदलली गेली, आणि सकाळी सिस्टरनी मला जे सुनावले ते अजून कानात आहे. मला तेव्हा नवल वाटे की, इतक्या श्रीमंत देशात इतकी बिनदाताची माणसे कशी? पुढे कळले. १९६८ साली, म्हणजे आईचा शेवटचा दात गेला त्याच साली, इंग्लंड आणि वेल्समध्ये दातांची पाहणी झाली होती. तीत शंभरातल्या ३७ प्रौढ माणसांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. २००९ सालच्या पाहणीत हे प्रमाण शंभरात सहावर आले. हा फरक काही एका रूट कॅनॉलने पडला नाही. मंजनातले फ्लोराइड, स्वच्छता, वेळेवरची तपासणी, या सर्वांनी मिळून पडला. पण दुखरा दात उपटून टाकण्याऐवजी राखता येतो, ही समजूत त्यात मोठी होती.

पूर्वी दात उपटण्याची एवढी घाई का, त्यालाही एक कारण आहे. १९१० साली विल्यम हंटर नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी कॅनडात एक व्याख्यान दिले. तोंडातल्या सडक्या दातांतून सगळ्या शरीरात रोग पसरतात, असे त्यांचे म्हणणे. त्याचा इतका बोलबाला झाला की संधिवातापासून वेडापर्यंत कशावरही दात उपटण्याचा सपाटा सुरू झाला. पुढच्या संशोधनात तो सिद्धांत त्या स्वरूपात टिकला नाही. 'रूट कॅनॉल केलेल्या दाताने कॅन्सर होतो' असे निरोप आजही मोबाइलवर फिरतात, ते याच जुन्या कढीला आणलेले ऊत आहेत. तेव्हा माझी हकिगत वाचून कोणी रूट कॅनॉललाच नावे ठेवू नयेत. चूक त्या उपचाराची नव्हती.

आता मूळ गोष्ट. २०२० सालच्या मार्चमध्ये खालची डावी दाढ, अक्कलदाढेच्या पुढची, ठणकू लागली. गरम चहाने कळ निघे, रात्री आडवे झाले की नाडीबरोबर ठोके पडत. नेमकी तीच वेळ कोविडची. २५ मार्च २०२० पासून इंग्लंडातले सगळे दवाखाने नेहमीच्या दंतोपचारांना बंद झाले, ते ८ जूनपर्यंत. फोनवर सल्ला, वेदनाशामक गोळ्या आणि गरज वाटली तर प्रतिजैविके, एवढेच मिळत होते. अमॉक्सिसिलिनचा एक कोर्स मला लिहून मिळाला. तो मी पुरा केला. दुसराही मिळाला, त्यातल्या निम्म्या गोळ्या ठणका थांबताच मी कपाटात ठेवून दिल्या. हे विसरू नका, त्या गोळ्या पुढे परत येणार आहेत.

शरद ऋतूत एकदाची माझी पाळी लागली. रूट कॅनॉल म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते, कारण नावालाच घाबरणारे पुष्कळ आहेत. दाताच्या पोटात एक मऊ गाभा असतो. त्यात नस आणि रक्तवाहिन्या असतात आणि तो मुळांच्या बारीक नळ्यांतून हाडापर्यंत उतरतो. कीड गाभ्यापर्यंत गेली की तो सडतो. दंतवैद्य जागा बधिर करतात, दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवतात, वरून भोक पाडून केसासारख्या बारीक कानशींनी त्या नळ्या साफ करतात आणि सोडियम हायपोक्लोराइटने धुतात. कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचच्याच कुळातले ते औषध. ते मुळाच्या टोकाबाहेर निसटले तर जबर सूज येते, म्हणून फार जपून वापरावे लागते. शेवटी नळ्या कोरड्या करून गटापर्चा भरतात. हा मलायाकडच्या झाडांचा चीक. १८७० साली समुद्राखालून तार टाकून मुंबई लंडनला जोडली गेली, तेव्हा त्या तारेला पाणी लागू नये म्हणून हाच चीक लपेटला होता. ज्या चिकातून एकेकाळी मुंबईच्या तारा विलायतेला आल्या, तोच आता एका मुंबईकरणीच्या दाढेत बसला, याची मला मोठी गंमत वाटली.

पहिल्या दिवशी काम अर्धे ठेवून वर तात्पुरते औषध भरले. घरी आले तर तोंडभर ओळखीचा वास. लवंगेचा! लवंगेच्या तेलातले युजेनॉल जस्ताच्या भस्मात कालवून ते सिमेंट करतात. आजीचा कापसाचा बोळाच जणू नवा कोट घालून आला होता. मला त्या संध्याकाळी तिची फार आठवण झाली.

दुसऱ्या खेपेला काम पुरे झाले. वर भराव भरून दंतवैद्यांनी स्पष्ट सांगितले, "ही दाढ आता ठिसूळ आहे. हिच्यावर कॅप बसवलीच पाहिजे." दोनतीन दिवस दाबले की दुखे, मग थांबले. इतके सहज पार पडल्यावर कॅपची घाई मला वाटेना. मधल्या काळात मी लस टोचण्याच्या केंद्रावर मदतीला जाऊ लागले होते, तेव्हा वेळ नाही ही सबब तयारच होती. तो दवाखाना पुढे सरकारी योजनेतून बाहेर पडला. खाजगीत कॅपचा आकडा ऐकला आणि मी म्हटले, पुढच्या वर्षी पाहू. दुसरा दवाखाना शोधायला हवा होता, पण दुखत नसलेल्या दाढेसाठी कोण धावपळ करणार?

पुढे भरावाचा एक टवका उडाला. त्यानंतर काही महिन्यांनी त्या दाढेखाली हिरडीवर एक पुळी आली. दाबली की खारट पाणी येई, आणि ती बसे. महिन्याने परत येई. दुखत मुळीच नव्हती. वॉर्डात एखाद्या रोग्याने मला ती दाखवली असती तर मी तत्काळ सांगितले असते की, बाई, आत पू आहे आणि तो वाट काढून बाहेर येतो आहे, म्हणूनच दुखत नाही. स्वतःला मात्र मी काय सांगितले? नस तर काढली आहे, दाढ मेली आहे, मेलेली दाढ काय करणार! इथेच माझी अक्कल गहाण पडली. वाचकहो, दाताची नस काढली तरी दात ज्या हाडात रोवलेला असतो ते हाड जिवंतच असते. दाह होतो तो त्या हाडात.

२०२२ सालचा नव्याचा सण सप्टेंबरच्या अखेरीस आला. पहिल्या रात्री ताटावर आशीर्वाद झाले, सफरचंद-मध झाले, खजूर तोंडात टाकला आणि बीवर दाढ पडली. टचकन आवाज झाला. कळ मस्तकात गेली. सगळे जेवत होते. मी रुमालात बी घेतली आणि हसून हलवा वाढू लागले. तिथून दारफाळणीपर्यंत नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत मी दिवसाला आठ-आठ वेदनाशामक गोळ्या घेतल्या, आणि कपाटातल्या त्या उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्याही काढल्या. ज्या गोष्टीसाठी मी आयुष्यभर रोग्यांवर डोळे वटारले तीच केली. अर्धवट प्रतिजैविकांनी रोग मरत नाही, दबा धरून बसतो. आणि ज्या दाढेची नस काढलेली आहे तिच्या पोटात रक्तच वाहत नाही, मग रक्तातून जाणारे औषध तिथे पोचणार कसे? घाण असेल ती हाताने साफच करावी लागते.

दारफाळणीच्या आदल्या संध्याकाळी, उपवासापूर्वीचे जेवण मला चावता आले नाही. जबड्याखाली लिंबाएवढी सूज होती. यजमानांना सांगितले, "थोडी दाढ धरली आहे." ते प्रार्थनेला गेले; मला बरे वाटत नसल्यामुळे मी घरी राहिले. पांढरी साडी नेसले, दार लावून घेतले. आजीच्या वेळी या सणाला खरोखरच दार लावून घरातल्या घरात राहत, बाहेरच्या माणसाशी बोलतही नसत. दुसऱ्या दिवशी दुपारी मला हुडहुडी भरली. तोंडातली लाळ गिळता येईना, जीभ वर उचलल्यासारखी वाटू लागली आणि तोंड जेमतेम एक बोट उघडेना. घराचे दार मी लावलेच होते. आता तोंडाचेही दार लागले. तरी मी सिद्दूर उघडून बसून होते. सूर्यास्तापर्यंत कळ काढली म्हणजे झाले, मग पाहू, हाच विचार.

मुलगी दोन गल्ल्यांपलीकडे राहते. ती दुपारी चालत मला पाहायला आली. मी "ये" म्हटले, आणि ती दारातच थबकली.

"आई, तुझा आवाज असा का येतो? तोंडात काय आहे?"

"काही नाही. दाढ."

तिने मला खिडकीशी नेऊन माझी मान पाहिली. सूज जबड्यावरून गळ्याकडे उतरली होती, दोन्ही बाजूंना, लाकडासारखी टणक आणि लाल. तिने मोबाइल काढला. मी म्हटले, "आज फोनला हात लावू नकोस. सण आहे."

"तुझ्या वॉर्डात असा रोगी आला असता तर तू काय केले असतेस?" तिने विचारले. मी गप्प राहिले. "मग आता बोलू नकोस. देवाला काय सांगायचे ते मी सांगेन."

तिने ९९९ फिरवला. आपला धर्मही हेच सांगतो, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. जीव धोक्यात असेल तर उपवास मोडावा, शब्बाथ मोडावा, नुसती परवानगी म्हणून नव्हे तर कर्तव्य म्हणून. मी स्वतः कितीतरी म्हाताऱ्या मंडळींना हे समजावून त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या त्यांना घ्यायला लावल्या होत्या.

या रोगाचे नाव लुडविग्ज अंजायना. १८३६ साली लुडविग नावाच्या जर्मन वैद्याने त्याचे वर्णन केले. खालच्या मागच्या दाढांची मुळे जबड्याच्या आतल्या बाजूला खोल उतरलेली असतात. तिथला पू तोंडात न फुटता जिभेच्या आणि हनुवटीच्या खालच्या पोकळीत उतरतो, जीभ वर आणि मागे ढकलतो आणि श्वासाची वाट बंद करतो. प्रतिजैविके नव्हती तेव्हा निम्म्याहून अधिक रोगी दगावत. त्या रात्री माझे तोंड उघडत नसल्याने, मला जागे ठेवूनच नाकातून दुर्बिणीच्या साहाय्याने श्वासनळीत नळी घातली. मग भूल, गळ्याखाली छेद, पूचा निचरा, आणि ती दाढ बाहेर. मुळाला उभा तडा गेला होता. ती राखण्याजोगी उरलीच नव्हती. दोन दिवस मी अतिदक्षता विभागात होते. जाग आली तेव्हा बोलता येत नव्हते. परिचारिकेने पाटी दिली. मी लिहिले, "माफ करा." तिला वाटले मी गुंगीत आहे. मी पूर्ण शुद्धीवर होते.

आणखी एक गोष्ट त्या दिवसांत निघाली. काही वर्षांपूर्वी माझे मनगट मोडले तेव्हापासून मी हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याला एक अॅलेन्ड्रोनेटची गोळी घेत होते. दंतवैद्यांच्या कागदावर ती मी कधी लिहिलीच नव्हती. हाडाच्या गोळीचा दाताशी काय संबंध, असे वाटले. संबंध आहे. या गोळ्या घेणाऱ्यांपैकी फार थोड्या जणांना, पण काहींना, दात काढल्यावर जबड्याचे हाड भरून येत नाही, उघडे पडते. म्हणून अशा माणसाचा दात होता होईतो राखावा, आणि राखायचा तर रूट कॅनॉल हाच मार्ग. माझ्या तर तो हाती आलेला होता! मी तो निष्काळजीपणाने घालवला. दाढेची जागा भरायला दहा आठवडे लागले. दर तपासणीला माझा जीव टांगणीला. शेवटी भरली, देवाची कृपा.

दोष कोणाचा, असे मला पुष्कळांनी विचारले. दवाखाना बदलला नसता तर, कोविड नसता तर, खाजगीत इतके पैसे नसते तर, असे खूप 'तर' आहेत, आणि काही खरेही आहेत. या देशात सरकारी दंतवैद्य मिळणे आज किती अवघड आहे ते क्रॉयडनमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको. पण पुळी आली तेव्हा बोलायला कोणी बंदी केली नव्हती. ते न बोलणे माझे.

आता चार कामाच्या गोष्टी. रूट कॅनॉलनंतर दोनचार दिवस दाबल्यावर दुखणे स्वाभाविक आहे. साध्या गोळीने थांबते आणि रोज कमी होत जाते. पण आठवडा उलटूनही दुखते, किंवा थांबून परत सुरू होते, किंवा हिरडीवर पुळी येते, तर परत जावे. कधी एखादी नळी सापडायची राहून जाते. वरच्या पहिल्या दाढेत चौथी नळी पुष्कळदा असते आणि ती फार बारीक. कधी कानस आत मोडते. कधी वरच्या दाढेचे दुखणे सर्दीच्या पोकळीत शिरते आणि माणूस सर्दीची औषधे घेत बसतो. यातल्या बहुतेकांवर उपाय आहे: नळ्या पुन्हा उघडून साफ करता येतात, नाहीतर हिरडीतून लहान शस्त्रक्रिया करून मुळाचे टोक काढता येते. मागच्या दाढेवर कॅप सांगितली असेल तर ती बसवावी. ती शोभेची वस्तू नव्हे, छत्री आहे.

पैशाचे म्हणाल तर, इंग्लंडात एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेल्या दराने सरकारी योजनेत रूट कॅनॉलला ७५ पौंड ३० पेन्स आणि कॅपला ३२६ पौंड ७० पेन्स पडत होते. पण दोन्ही एकाच उपचाराच्या आराखड्यात धरली तर फक्त वरचा एकच आकार द्यावा लागतो. हे मी वेळीच विचारले नाही. साठी उलटली की औषधे फुकट मिळतात, म्हणून दातही फुकट, असे पुष्कळांना वाटते, तसे नाही. तसेच सरकारी योजनेत केलेला भराव, रूट कॅनॉल किंवा कॅप बारा महिन्यांच्या आत बिघडली तर त्याच दवाखान्याने ती साधारणपणे बिनपैशाने दुरुस्त करायची असते. भिडेपोटी घरी बसू नये.

आपली सगळी औषधे दंतवैद्यांना सांगावीत: हाडाची गोळी, रक्त पातळ करण्याची गोळी, मधुमेहाची गोळी. लहानपणी संधिज्वर होऊन हृदयाची झडप बिघडलेली माणसे आपल्या पिढीत आहेत; त्यांनी, आणि झडप बदललेल्यांनी, ते आवर्जून सांगावे. उरलेली प्रतिजैविके औषधाच्या दुकानात परत द्यावीत. आणि सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकू लागली, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, आवाज बदलला, जीभ वर आली, यांतले काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. इंग्लंडात ९९९, इस्राएलमध्ये मागेन दाविद अदोमचा १०१, महाराष्ट्रात १०८.

दारफाळणीच्या दुसऱ्या दिवसाला आपण शिळा सण म्हणतो. आजी सांगायची की, दारफाळणीला घरातले गेलेले वाडवडील आपल्याला भेटायला येतात आणि शिळ्या सणाला परत जातात. मी ते कधी खरे मानले नाही. पण त्या वर्षी शिळ्या सणाच्या सकाळी, नाकात नळ्या घेऊन पडले असताना, मला वाटले की आजी आणि आई दोघी येऊन गेल्या असतील आणि परत जाताना मला बरोबर न नेता गेल्या. आजी म्हणायची, "तोंड मीट आणि बोलू नको." तिच्या हातात लवंगेपलीकडे काही नव्हते, म्हणून ती तसे म्हणायची. आईकडे तेवढाही इलाज नव्हता, म्हणून ती पदराआड राहिली. माझ्याकडे सगळे होते. चाळीस वर्षांचा अनुभव होता, पलीकडच्या गल्लीत लेक होती, आणि मी केले मात्र त्यांच्यासारखेच.

आता दर शुक्रवारी फोनवर मी नातवाला शब्बाथच्या शुभेच्छांनंतर एक प्रश्न विचारते: "काही दुखते का?" तो म्हणतो, "आजी, काही नाही." मी म्हणते, "खरे सांग." वाचकहो, तुमच्या घरात जी बाई 'काही नाही' म्हणून हलवा वाढत असेल तिलाही असेच दोनदा विचारा. आणि त्या बाई तुम्हीच असाल, तर उद्या सकाळी दंतवैद्यांना फोन करा.